अन्य कोणीही वारस नाहीत: एका संथ पटकथेचं प्रकरण

हे प्रकरण एका पटकथेचं आहे. लातूरचे दोघे आणि त्यांची पुण्यात संकलनाचं काम करणारी मैत्रीण, अशा तिघांनी मिळून ती लिहिली. पदरचे आणि मित्रांकडून उभे केलेले पैसे, ओळखीचा एकही नट नाही, गाणी नाहीत, चित्रीकरण औसा-निलंगा भागातच. माझं काम पटकथा वाचून ती कुठं अडते ते सांगण्याचं. तिघांच्या संमतीनं इथं लिहितोय. गावाचं आणि पात्रांची नावं त्यांना एवढ्यात बाहेर येऊ द्यायची नाहीत, म्हणून मी नात्यांनीच बोलणार आहे.

गोष्ट अशी. एप्रिल २०१६. जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले गुरुजी तालुक्याच्या गावी झोपेतच जातात. मागे त्यांची बायको, जिला घरात सगळे माय म्हणतात; पुण्याला दिलेली थोरली लेक; आणि गावातच खत-बियाणांचं दुकान चालवणारा धाकटा लेक. पुढच्या तेरा दिवसांत उलगडतं की तासाभराच्या अंतरावरच्या एका पुनर्वसित गावात गुरुजींचं दुसरं घर होतं. तिथं एक बाई आहे आणि तिला गुरुजींपासून झालेला वीस वर्षांचा मुलगा. बाईचा पहिला नवरा आणि दोन लेकरं १९९३च्या भूकंपात गेलेली.

पहिल्या खर्ड्यात हे सगळं दाबून ठेवलं होतं आणि दहाव्याच्या प्रसंगात एकदम फोडलं होतं. मुलगा गर्दीतून पुढं येतो, ओरडतो, “ते माझेही वडील होते.” माय खाली बसते. थोरली त्याच्या कानाखाली देते. धाकटा भर उन्हात शेतातून चालत सुटतो आणि वरून ड्रोन.

मी त्यांना पहिला प्रश्न विचारला तो असा: हे गावात कुणाला माहीत नव्हतं?

आम्ही कागद घेऊन बसलो. गुरुजी बारा-पंधरा वर्षं दर शनिवारी सकाळची शाळा सुटली की घराच्या उलट्या दिशेला मोटारसायकल वळवत होते. म्हणजे फाट्यावरच्या हॉटेलवाल्याला माहीत. त्या गावच्या शाळेतल्या मास्तरांना माहीत, म्हणजे तालुक्याच्या सगळ्या मास्तरांना माहीत. न्हाव्याला माहीत. तलाठ्याला माहीत. गुरुजींच्या सख्ख्या भावाला, पटकथेतल्या काकाला, माहीत नसण्याची शक्यताच नाही. दूध घालणाऱ्यापर्यंत यादी गेली आणि तिघंही हसायला लागले, कारण प्रत्येकाच्या गावात असं एक घर होतंच. लहान गावातलं गुपित सगळ्यांना ठाऊक असतं. ते तोंडातून काढायचं नाही एवढंच ठरलेलं असतं, आणि ते ठरवायला कुणी बैठक बोलावलेली नसते. मग सत्तराव्या पानावर स्फोट होतो तो कुणाच्या कानात? फक्त प्रेक्षकाच्या. पडद्यावरच्या माणसांना धक्का बसल्याचं सोंग करावं लागतं, आणि नवखे नट सोंग फार वाईट करतात.

म्हणून पहिला बदल हा झाला की प्रेक्षकाला दहाव्या पानाच्या आतच कळू द्यायचं. कुणी सांगून नाही; मयत उचलण्याआधी काका फोनवर दबक्या आवाजात म्हणतो, “तिकडं सांगितलं का?” आणि पलीकडून कोण काय बोललं ते आपल्याला ऐकू येत नाही. बस. तिथून पुढं सिनेमा हा कळण्याचा उरत नाही. कोणाला, कुठं, कोणत्या दिवशी ते बोलावंच लागेल, याचा होतो.

आणि बोलावं लागतं ते कागदावर. मला या प्रकरणात सगळ्यात जास्त रस वाटला तो इथं, त्यामुळे जरा थांबून सांगतो.

शेतकरी वारला की जमिनीला वारसांची नावं लागावी लागतात. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६च्या कलम १४९ प्रमाणे तीन महिन्यांच्या आत तलाठ्याला कळवायचं. मृत्यूचा दाखला, सातबारा, आणि सोबत प्रतिज्ञापत्र. तलाठी चौकशी करून वारस नोंदवहीत, म्हणजे गाव नमुना ६-क मध्ये, नावं घेतो. मग गाव नमुना ६ मध्ये फेरफार धरतो. संबंधितांना नोटीस निघते, चावडीवर लागते. पंधरा दिवसांत कुणाची हरकत आली नाही तर मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो. हरकत आली तर प्रकरण ६-अ मध्ये, तक्रारीच्या वहीत. फेरफारानं मालकी ठरत नाही, ती महसुलापुरती नोंद, असं वकील लोक शंभरदा सांगतात. पण गावात ज्याचं नाव सातबाऱ्यावर तो वारस, बाकीचे बोलबच्चन.

आणि त्या प्रतिज्ञापत्रात वारसांची यादी संपली की एक वाक्य असतं. शब्द इकडेतिकडे होतात, मतलब तोच: वरील व्यक्तींव्यतिरिक्त मयताचे अन्य कोणीही वारस नाहीत.

पहिल्या खर्ड्यात हे प्रतिज्ञापत्र नव्हतंच. जमिनीचा विषय होता, पण भावाबहिणीच्या भांडणापुरता. मी म्हटलं, तुमचा सिनेमा या एका वाक्यात आहे. वीस वर्षं गाव जे तोंडानं बोललं नाही, ते न बोलणं खोटं ठरत नव्हतं. गप्प बसणं म्हणजे खोटं बोलणं नव्हे, अशी प्रत्येकाची समजूत होती. आता धाकट्याला तेच लिहून खाली सही करायची आहे. सही केली की तो पहिल्यांदा खोटं बोलतो. आणि तो तसा वाईट माणूस नाही.

पुढच्या बैठकीला तिघं आले ते तावातावानं, कारण त्यांनी एकेका पात्राच्या गप्प बसण्यामागचा कागद शोधून आणला होता.

गुरुजींचा कागद नोकरीचा. पहिली बायको हयात असताना जिल्हा परिषदेच्या कर्मचाऱ्यानं दुसरं लग्न करणं म्हणजे चौकशी आणि नोकरीवर गदा. बाईचा कागद अनुदानाचा. तिला संजय गांधी निराधार योजनेत विधवा म्हणून पैसे मिळतात, २०१६ साली महिना ६०० रुपये. तिनं दुसरं लग्न केल्याचं उघड झालं तर ते बंद. शिवाय पुनर्वसनातलं घर तिच्या गेलेल्या नवऱ्याच्या हक्कानं आलेलं. त्या वेळी घरं जमिनीच्या धारणेप्रमाणे दिली गेली, २५०, ४५० आणि ७५० चौरस फुटांची, तिचं मधलं. काकाचा कागद पुढं येईल.

पण या सगळ्यांत भारी निघाला तो मुलाचा. तो १९९६चा जन्म. शाळेत नाव घालताना बापाचं नाव काय लावलं? बाईच्या पहिल्या नवऱ्याचं. तो माणूस ३० सप्टेंबर १९९३ला पहाटे ढिगाऱ्याखाली गेला. म्हणजे पोराच्या शाळा सोडल्याच्या दाखल्यावर जो बाप आहे तो त्याच्या जन्माच्या अडीच-तीन वर्षं आधी वारलेला. दाखला हातात घेणाऱ्या प्रत्येक कारकुनानं, आयटीआयच्या खिडकीवरच्या बाईनं, मनात हिशेब केला असणार आणि दाखला परत दिला असणार. आणि शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरात ती नोंद करणारे हात गुरुजींचेच, कारण १९९३ ते २००१ ते त्याच गावच्या शाळेवर होते. थोरली तिथं जाते, रजिस्टर उघडते, आणि तिला बापाचं अक्षर दिसतं. लहानपणी तिच्या वह्यांना कव्हर घालून त्यावर नाव टाकणारं तेच वळणदार अक्षर.

हा प्रसंग ऐकला तेव्हा मी एवढंच म्हटलं की यात संवाद घालू नका. त्यांनी घातले होते. काढले.

भूकंपाबद्दल मात्र माझं त्यांच्याशी वाजलं. खर्ड्यात तो सुरुवातीलाच येत होता, जुनी छायाचित्रं, निवेदन, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं, वगैरे. किल्लारी म्हटलं की हे येतंच. अनंत चतुर्दशीचं विसर्जन करून माणसं झोपलेली, माळवदाच्या घरांचं मातीचं जड छत आणि चिखलात रचलेल्या जाड दगडी भिंती अंगावर आल्या, सुमारे ८ हजार माणसं गेली, ५२ गावं उचलून दुसरीकडं वसवली गेली. हे मराठवाड्यातल्या प्रेक्षकाला सांगायची गरज नाही आणि बाहेरच्याला आकड्यांनी काही कळत नाही. पटकथेला भूकंपाची गरज वेगळ्या कारणानं आहे. त्या बाईच्या पहिल्या दुःखाला साक्षी होते: पंचनामा झाला, यादीत नाव आलं, मंत्री येऊन गेले, मदतीचा धनादेश आला, दरवर्षी ३० सप्टेंबरला फुलं वाहिली जातात. दुसऱ्या दुःखाला कुणी नाही. गुरुजी गेल्यावर ती काय करणार? कुंकू पुसायचं तर ते जगाच्या लेखी तेवीस वर्षांपूर्वीच पुसलेलं. मंगळसूत्र घालत नव्हती. शेजारीण सांत्वनाला आली तर कशाबद्दल आली म्हणायचं? ती घरात बसून रोजच्यासारखी ज्वारी निवडते. सूतक पाळायची तिला मुभा नाही.

भूकंप एवढाच ठेवला. ती बस चुकवून जुन्या गावाच्या बाजूनं चालत जाते, बाभळी वाढलेल्या चौथऱ्यांमधून, आणि कॅमेरा तिथं रेंगाळत नाही. नव्या गावाचे सरळ रुंद रस्ते आणि एकमेकांपासून सुटी घरं दिसतातच. त्यात मोटारसायकल कुठं थांबली ते चार आळ्यांना दिसतं. जुन्या गावच्या बोळांत कदाचित काही लपलं असतं.

आता काकाचा कागद. इथं कायदा मधे येतो आणि पटकथेचा सगळा सांगाडा त्याच्यावर उभा राहतो, म्हणून तोही नीट पाहायला हवा.

खर्ड्यात गुरुजी आणि त्या बाईचे नुसते ‘संबंध’ होते. मी विचारलं, पाट लावला होता का नाही, म्हणजे विधवेशी रीतीनं दुसरं लग्न? तिघांना वाटलं हा तपशिलाचा हट्ट आहे. नाही. हिंदू विवाह कायदा १९५५ प्रमाणे पहिली बायको हयात असताना केलेलं लग्न कलम ११ नं शून्य ठरतं, पण अशा शून्य लग्नातूनही झालेलं मूल कलम १६ प्रमाणे औरस, आणि आईबापाच्या मालमत्तेत त्याला हक्क. मात्र त्यासाठी काहीतरी लग्न झालेलं असावं लागतं. विधी झालाच नसेल तर कलम १६चा आधार मिळत नाही. म्हणजे एका संध्याकाळी चार माणसांसमोर देवळात हार घातले गेले की नाही, एवढ्यावर त्या पोराचं ‘वारस’ असणं लटकलेलं. त्यांनी ठरवलं: पाट लागला होता, आणि त्या चार माणसांतला एक काका. गुरुजींचा सख्खा भाऊ. आज तोच दहाव्याला पुढं बसून सगळं मार्गी लावतोय, तोच धाकट्याला तलाठ्याकडं घेऊन जाणार, आणि त्याच्याच बांधाला गुरुजींची चार एकर लागून आहे.

थोरली त्याला एकदाच विचारते. ओट्यावर, बायका आत भाकरी बडवतायत.

“काका, पाटाला तुम्ही होतात ना?”

“पाटाला?” काका तपकीर ओढतो. “पाटाला कुठलं आलंय पाणी, बाई. दोन वर्षं झाली, धरण कोरडं.”

हे माझं नाही, त्यांच्यातल्या लातूरच्या पोराचं. वाचताना मी मोठ्यानं हसलो आणि मग पुढचं पान उलटायला वेळ लागला.

कायद्याची एक गफलत मात्र काढून टाकावी लागली. खर्ड्यातला वकील ठामपणे सांगत होता की वडिलोपार्जित जमिनीतही गुरुजींच्या वाट्यात या पोराचा हिस्सा आहे. आज ते बरोबर आहे. रेवणसिद्दप्पा विरुद्ध मल्लिकार्जुन या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायाधीशांच्या पीठानं १ सप्टेंबर २०२३ला तसं स्पष्ट केलं. पण गोष्ट २०१६ची. आधीच्या निकालांत असा हक्क फक्त स्वकष्टार्जितापुरता धरला होता, २०११ साली त्याच खटल्यात दोन न्यायाधीशांनी वेगळं मत देऊन प्रश्न मोठ्या पीठाकडं पाठवला, आणि तो बारा वर्षं तिथंच होता. म्हणजे २०१६चा तालुक्याचा वकील म्हणेल, “भिजत घोंगडं आहे. दावा लावा, बघू.” पटकथेला हे जास्त मानवलं. स्पष्ट हक्क असता तर सगळे हक्काबद्दल बोलले असते. भिजत घोंगड्यामुळे प्रत्येकाला आपलं मन स्वतःच तपासावं लागतं. जाता जाता, गोष्ट २०१६ची असल्यानंच पाट्यांवर उस्मानाबाद हवं, धाराशिव नको, आणि तलाठ्याला तलाठीच म्हणायचं, ग्राम महसूल अधिकारी हे नाव नंतरचं.

दहावा. सिनेमाचा मधला आणि सगळ्यात लांब प्रसंग.

एप्रिल २०१६ म्हणजे मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आलं तो महिना. पहिल्या खेपेला दहा वाघिणी, पाच लाख लिटर. त्याआधी मार्चमध्येच शहरात पाणवठ्यांभोवती जमावबंदी लागलेली. खर्ड्यात दुष्काळ होता तो फक्त देखावा म्हणून, भेगाळलेली जमीन आणि गिधाडासारखा घिरट्या घालणारा तो ड्रोन. पण सुतकाला पाणी किती लागतं याचा विचार कुणी केला नव्हता. मसणातून आलेल्या प्रत्येकानं आंघोळ करायची. भेटायला येणाऱ्यांच्या हातपायांना पाणी द्यायचं. दहाव्याला घर सारवायचं, धुवायचं, अंथरूण-पांघरूण भिजवायचं. ज्या गावात टँकरखाली नंबर लावून चार घागरी मिळतात तिथं हे करायचं कुणाच्या जिवावर? धाकट्याचं सगळं दुःख ड्रम मोजण्यात जातं. बाप गेल्यावर त्याला रडताना कुणी पाहिलेलं नाही, कारण तो कायम टँकरवाल्याशी फोनवर आहे. त्याला दुष्ट न करता अडकलेला दाखवायचा हा रस्ता सापडला आणि माझ्या मते पटकथा इथं उभी राहिली.

दहावा तेरणा नदीच्या पात्रात. पात्र कोरडं, मधे खड्डा खणून त्यात टँकरचं पाणी सोडलेलं. भावकी ओळीनं बसली आहे डोकं करायला, न्हावी एकेकाचं क्षौर करत पुढं सरकतोय. ओळीच्या शेवटी, एक हात जागा सोडून, तो पोरगा येऊन बसतो. काही बोलत नाही. न्हावी एकेक करत त्याच्यापर्यंत येतो. डोकं कोणाचं करायचं असतं ते सगळ्यांना माहीत आहे: ज्याला सूतक आहे त्याचं. न्हावी हात थांबवून काकाकडं बघतो. काका नदीकडं बघतो, म्हणजे वाळूकडं. न्हावी वस्तऱ्यात नवं ब्लेड बसवतो आणि पोराच्या डोक्यावर पाणी लावतो.

पहिल्या खर्ड्यातला आरडाओरडा, कानाखाली, सगळं गेलं आणि त्याजागी हे आलं. त्यानंतर पंगतीला आणि तेराव्याला तो मुंडलेल्या डोक्यानं गावात फिरतो, एवढंच पुरतं. लग्न झालेल्या लेकीला आईबापाचं सूतक तीनच दिवस असतं, हेही त्यांनी याच प्रसंगात खुबीनं घातलंय. एक म्हातारी थोरलीला म्हणते, “तुजं तर फिटलं गं बाई, तू का बसलीस उपाशी?” थोरलीचं तीन दिवसांत फिटलं आणि ज्याचं गावानं एक दिवसही धरलं नाही तो पोरगा दहा दिवस पाळून आलाय.

कावळ्याबद्दल. मराठीतल्या दर तिसऱ्या पटकथेत पिंडाला कावळा शिवत नाही, मग कुणीतरी गहिवरून कबुली देतं आणि लगेच शिवतो. इथंही तेच होतं. मी सुचवलं की कावळा ताबडतोब शिवू दे. पिंड ठेवला, दोन पावलं मागं आले, की शिवला. सगळे सुटल्यासारखे उठतात. काका म्हणतो, “समाधानानं गेले. काही राहिलं नाही मागं.” आणि हे वाक्य माय, थोरली, धाकटा आणि ओळीच्या टोकाचा पोरगा, चौघंही ऐकतात. गुरुजींचं काही राहिलं नाही. मग या चौघांचं जे राहिलं त्याचं काय, ते प्रेक्षकानं पाहावं.

मायबद्दल सगळ्यात उशिरा एकमत झालं. तिला पहिल्यापासून ठाऊक होतं, हे खर्ड्यात होतं, आणि ती शेवटी ते सांगून सगळ्यांना क्षमा करत होती. मराठी सिनेमातल्या आया फार लवकर क्षमा करतात. मी विचारलं, ठाऊक होतं तर तिनं बदल्यात काय घेतलं? तिघांना प्रश्न कडू लागला. पंधरा दिवसांनी उत्तर आणलं: १९९७चं बक्षीसपत्र. विहिरीकडची दोन एकर आणि राहतं घर गुरुजींनी मायच्या नावे नोंदवून दिलेलं, मुलगा वर्षाचा झाल्यावर. थोरली जुने फेरफार काढते तेव्हा तिला तारीख दिसते. मायनं भांडण केलं नाही, पोलिसात गेली नाही, माहेरी गेली नाही. गप्प बसण्याची किंमत लावून घेतली, तीही पाण्याच्या जमिनीत. यानं ती लहान होत नाही. पन्नाशीला टेकलेल्या, चौथी शिकलेल्या बाईला आणखी काय करता आलं असतं? पण तिचं रडणं मात्र अवघड होऊन बसतं. फसवल्या गेलेल्या बायकोचं रडणं तिला रडता येत नाही, ती त्या व्यवहारातली एक बाजू आहे. भेटायला आलेल्या बाया गळ्यात पडून हेल काढतात आणि ती कोरडी. थोरली फेरफाराची नक्कल पुढं ठेवते तेव्हा ती एवढंच म्हणते: “मी रडले की त्या साली. आता दुसऱ्यांदा काय रडू?”

तेराव्याचा प्रसंग छोटा आहे. दुखवटा घेऊन सोयरे येतात, टॉवेल-टोपी, लुगडं. दुखवटा करतात ते सोयरे. भावकी करत नाही. बाईनं पोराजवळ पिशवीत टॉवेल-टोपी दिलेली असते. त्यानं ती धाकट्याला चढवली तर तो बाहेरचा ठरतो आणि सगळं सुरळीत पार पडतं. काका डोळ्यांनी तेच सुचवतोय. तो पिशवी घेऊन जेवणाच्या ओळीत बसतो आणि पिशवी घेऊनच परत जातो.

वेगाचं बोलायला हवं, कारण ‘संथ’ या शब्दाखाली आपल्याकडं काहीही खपतं. पात्र खिडकीतून बाहेर बघतंय, पंखा फिरतोय, एक मिनिट गेलं: हा संथपणा नाही, हा लिहिण्याचा आळस. इथं संथपणा कामातून येतो. टँकरचा पाइप ड्रममध्ये पडल्यापासून ड्रम भरेपर्यंत जेवढा वेळ लागतो तेवढा लागू द्या, कारण त्या वेळात धाकट्याला बहिणीच्या प्रश्नाला उत्तर द्यायचं नाहीये. ओळीतल्या सगळ्या डोक्यांचं क्षौर दाखवा, कारण आपल्याला शेवटचं डोकं माहीत आहे. संकलन करणाऱ्या मैत्रिणीनं यावर एक सूचना केली ती मला पटली: पार्श्वसंगीत अजिबात नको, पण वीज गेली की बंद होणाऱ्या आणि आली की सुरू होणाऱ्या घरातल्या वस्तू ऐकू याव्यात. भारनियमनात घराचा आवाज तासातासाला बदलतो, आणि माणसं कोणत्या आवाजाच्या आडोशानं बोलतात ते कळतं. काकाचा तो पहिला फोन पिठाची गिरणी चालू असताना आहे.

शेवटावर तिघांचं दोन मतांत विभाजन झालं आहे. दुसऱ्या लातूरकराचं म्हणणं, धाकट्यानं प्रतिज्ञापत्र फाडावं. पैसे घालणाऱ्या मित्रांचंही तेच. बाकी दोघांचं आणि माझं म्हणणं, त्यानं सही करावी. तो फाडेल तर प्रेक्षक सुटेल, घरी जाऊन जेवेल. शिवाय तो का फाडेल? दुकानावर कर्ज आहे, खरिपाला बियाणं भरायचं आहे, बँकेला सातबारा लागतो. आताच्या खर्ड्यात तो तहसीलच्या आवारात टंकलेखकाच्या टेबलाशी उभा राहून ते वाक्य स्वतः मोठ्यानं वाचतो, कारण टंकलेखक म्हणतो, “वाचून घ्या आधी, मागून बोंब नको.” वाचतो आणि सही करतो. काका साक्षीदार म्हणून सही करतो. थोरलीपुढं हक्कसोड पत्र येतं. भावासाठी बहिणींनी हक्क सोडायचा ही इकडची रीत, आणि ती सही करत नाही. तिला जमीन नको आहे. तिचं नाव सातबाऱ्यावर राहिलं तर खातं एकट्या धाकट्याचं होत नाही, तिच्या सहीशिवाय जमीन वाटली किंवा विकली जात नाही, आणि तोवर प्रश्न उघडा राहतो. हे ती कुणाला समजावून सांगत नाही. चावडीवर नोटीस लागते. पंधरा दिवसांची मुदत सिनेमा संपल्यावर संपणार.

हरकत कोण घेईल यावर लेखकांनी स्वतःशीही काही ठरवलेलं नाही, आणि मी त्यांना ते ठरवू नका म्हणून सांगितलं आहे.

सध्या अडलंय ते दोन ठिकाणी. तेरणेच्या पात्रातला प्रसंग एप्रिल-मेमध्येच घ्यावा लागेल आणि अलीकडं पावसाळे बरे झाल्यानं हव्या त्या जागी पात्र कोरडं सापडेलच असं नाही. मग वरच्या अंगाला, लहान ओढ्यावर जागा शोधायची, असं ठरतंय. आणि काका मिळत नाहीये. एकांकिका स्पर्धांतले चारपाच चांगले नट बघून झाले, पण सगळे ‘पाटाला कुठलं आलंय पाणी’ हे वाक्य दमदार करून टाकतात. ते तपकीर ओढत, निम्मं लक्ष आतल्या भाकरीच्या वासाकडं ठेवून म्हणणारा माणूस हवा आहे. औशाच्या बाजारात बैलांच्या दलालीवर बसणारे एक गृहस्थ त्यांनी हेरून ठेवलेत. ते म्हणतात, करतो, पण पेरणी झाल्यावर.